पस्तिसाव्या हिश्शातील माणसे

सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले. तसा एखादा भग्न एम-४८ पॅटन १:३५ प्रमाणात मुलुंडच्या सदनिकेतील टेबलावरही साकारता येतो. घरच्यांच्या लेखी तो पसाराच! अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन जवळून न्याहाळता येतो. गंज तपकिरी-नारिंगी रंगांच्या पातळ थरांनी साधतो, चिखल प्लास्टरने. कसोटी लागते ती माणसांची. पावणेदोन मीटर उंचीचा मनुष्य येथे पाच सेंटिमीटरच उरतो. विजयी जवान उभे करणे सोपे. परंतु झाकण उघडे ठेवले, की आतील चौघांचे काय झाले, हे पाहणारा विचारतोच. एखादा कलावंत मग कडेला गावी परतलेला शेतकरी ठेवतो. त्याची नजर रणगाड्यावर नसते, आडव्या झालेल्या उसावर असते.