कोवळी ज्वारी जनावरांच्या जिवावर का उठते?

पावसाने ओढ दिली की चाऱ्याची टंचाई सुरू होते. मग शेतातली कोमेजलेली कोवळी ज्वारीच जनावरांपुढे टाकली जाते आणि तिथेच घात होतो. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. काही वेळा हे सगळं काही मिनिटांतच घडतं. गावाकडे याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. याचं मूळ ज्वारीतल्या एका एन्झाइममध्ये आहे.

विष तयार कसं होतं?

टायरोसिन हे प्रथिनांमध्ये असणारं एक अमिनो आम्ल. ‘सीवायपी७९ए१’ हे एन्झाइम त्यात पहिला बदल करतं. पुढे आणखी दोन एन्झाइम्स काम करतात आणि ‘धुरिन’ तयार होतं. धुरिन आणि त्याला फोडणारं एन्झाइम ज्वारीत वेगवेगळं साठवलेलं असतं. किडीने पान कुरतडलं किंवा गायीने चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड मोकळं होतं. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

धोका कधी जास्त?

रोप लहान असताना, पाण्याचा ताण पडल्यावर, युरिया जास्त झाल्यावर आणि कापणीनंतर आलेल्या कोवळ्या फुटव्यांत. पक्व दाण्यात मात्र धुरिन नसतं. त्यामुळे भाकरी निर्धास्त खावी.

हे एन्झाइम बंद करता येईल?

येतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशी ज्वारी जाहीर केली. सीवायपी७९ए१मधल्या एकाच बदलामुळे तिच्यात सायनाइड तयार होत नाही. मात्र तिची रोपं सुरुवातीला हळू वाढतात. शिवाय धुरिन हे ज्वारीचं शस्त्र आहे. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००१ मध्ये ज्वारीची ही तीन जनुकं मोहरीच्या कुळातल्या एका रोपात घातली, तेव्हा ते रोप एका भुंगेऱ्यापासून बचावलं. म्हणजे चारा सुरक्षित करताना पीक किडीपुढे उघडं पडण्याची शक्यताही तपासावी लागेल.

तोवर काय करायचं?

ज्वारी फुलोऱ्यानंतर कापावी, नीट वाळवून घालावी. उपाशी जनावर कोवळ्या ज्वारीत सोडू नये. लक्षणं दिसताच पशुवैद्यकाला बोलवावं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं यावर उतारा आहेत, पण ती वेळेत मिळाली तरच.