छातीतली कळ आणि सुईचा हट्ट

छातीत दुखू लागले की आपल्याकडे पहिला आरोप होतो तो गॅसवर. मग ओवा, खायचा सोडा, लिंबू, शेजारच्या घरातली आम्लपित्ताची गोळी, पाठीला बाम. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर. आणि डॉक्टरकडे गेल्यावर मागणी ठरलेली, "डॉक्टर, आधी कळ थांबेल असे इंजेक्शन द्या, बाकीचे सकाळी बघू." पुष्कळ ठिकाणी ते मिळतेही. कमरेत डायक्लोफिनॅकची सुई बसते, थोडा आराम वाटतो आणि रुग्ण स्कूटरवर मागे बसून घरी जातो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, तिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत दुखत असेल तर ईसीजी काढल्याखेरीज वेदनाशामक सुई देणे बंद झाले पाहिजे. डॉक्टरांनी ती देऊ नये आणि रुग्णाने ती मागू नये. यात माझ्याच व्यवसायबंधूंचा रोष पत्करावा लागेल, पण त्याला इलाज नाही.

गॅस समजून फसण्याचा प्रकार केवळ आपल्या तालुक्यातला आहे असे नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर डेन्व्हर येथे सुटीवर होते. दिवसभर गोल्फ खेळले, जेवणात कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला आणि रात्री छातीत दुखू लागले. त्यांच्या डॉक्टरांनी मॉर्फिन दिले, अध्यक्ष झोपले. सकाळी वार्ताहरांना सांगण्यात आले की पचनाचा थोडा बिघाड आहे. ईसीजी निघाला तो दुपारी, आणि तेव्हा जगाला कळले की हा हृदयविकाराचा झटका आहे. अध्यक्षांचा मुक्काम सुमारे सात आठवडे रुग्णालयात पडला.

मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या काळी अशा उशिराने आजच्याइतके बिघडत नव्हते, कारण लवकर ओळखूनही करण्यासारखे फारसे काही नव्हते. मॉर्फिन, प्राणवायू आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार. वेदना शमवणे हेच काम होते आणि ते डॉक्टर मनापासून करीत. आज परिस्थिती पार बदलली आहे, पण आपली मागणी मात्र १९५५ सालचीच राहिली आहे.

बदल कसा झाला ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकते म्हणून झटका येतो, की झटका आल्यानंतर गुठळी तयार होते, यावर तज्ज्ञांमध्ये वर्षानुवर्षे वाद होता. १९८० मध्ये अमेरिकेतील डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका आल्यापासून चार तासांच्या आत आलेल्या १२६ रुग्णांच्या रोहिण्यांची चित्रे काढली. त्यांतील ११० जणांची रोहिणी पूर्ण बंद होती. वाद मिटला. गुठळी हाच शत्रू, आणि ती फोडायची तर लवकर.

गुठळी विरघळवणारे औषध तर आधीपासून हाताशी होते. घसा बिघडवणाऱ्या जंतूंपासून मिळणारे स्ट्रेप्टोकायनेज १९३३ सालीच सापडले होते. १९८६ मध्ये इटलीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी झाली. पहिल्या तासात ज्यांना ते मिळाले त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तीन तासांपर्यंत फायदा सुमारे पाव हिश्श्यावर आला आणि सहा तासांनंतर तो दिसेनासा झाला. 'सकाळी बघू' या दोन शब्दांची किंमत यावरून काढावी.

दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, आयसिस-२ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १७,१८७ रुग्ण, ४१७ रुग्णालये. काहींना स्ट्रेप्टोकायनेज, काहींना ॲस्पिरिन, काहींना दोन्ही आणि काहींना नुसतीच औषधासारखी दिसणारी बिनऔषधाची गोळी व सुई. कोणाला काय मिळते ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. पाच आठवड्यांत दोन्ही औषधे न मिळालेल्यांपैकी हजारी सुमारे १३२ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. दोन्ही मिळालेल्यांपैकी ८०. आणि यातले ॲस्पिरिन हे किराणा दुकानातही मिळणारे, डोकेदुखीचे म्हणून आपण ज्याला हसतो ते औषध! एकट्या ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले.

याच चाचणीतली एक गंमत. कोणत्या गटातल्या रुग्णाला जास्त फायदा झाला ते बारकाईने सांगा, असा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी राशींप्रमाणे हिशेब मांडून दाखवला. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित अपायच, असे उत्तर आले! आकडे फार बारीक कापले की असा वेडेपणा निघतो, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांची रास सूर्यावरून, आपली चंद्रावरून. तरीही तुळेच्या वाचकांनी निर्धास्त राहावे.

एवढ्या मोठ्या चाचण्यांची गरज काय, डॉक्टरचा अनुभव पुरेसा नाही का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लिग्नोकेनच्या कथेत आहे. दात काढताना हिरडी बधिर करतात ते हे औषध. हृदयाचे अनियमित ठोके ते शांत करते, म्हणून झटका आलेल्या रुग्णांना ते सरसकट शिरेतून देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. पडद्यावरची रेघ सरळ होई, डॉक्टर आणि नातेवाईक दोघांचेही समाधान होई. पण सर्व चाचण्यांची बेरीज मांडली तेव्हा मृत्यू कमी झाल्याचे काही दिसले नाही. दुसऱ्या बाजूला, १९९२ मध्ये झालेल्या एका फेरहिशेबाने असे दाखवले की स्ट्रेप्टोकायनेज जीव वाचवते हे १९७३ सालीच, तोवरच्या आठ छोट्या चाचण्या एकत्र केल्या असत्या तर, सिद्ध झाले असते. कोणी बेरीजच केली नाही. रेघ सुंदर करणारे औषध पुस्तकात राहिले आणि जीव वाचवणारे बाहेर ताटकळत बसले.

प्राणवायूचेही तसेच. नळी नाकाला लावली की नातेवाइकांना बरे वाटते. २०१७ मध्ये स्वीडनमधील ६,६२९ रुग्णांच्या अभ्यासात दिसले की, ज्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मुळात ठीक आहे त्यांना त्याचा जीव वाचण्याच्या दृष्टीने लाभ नाही. प्रमाण कमी असेल तर अर्थातच द्यावा.

आता त्या कमरेतल्या सुईकडे येतो. डायक्लोफिनॅक गुठळी फोडत नाही. उलट या जातीची औषधे हृदयरोग्याला घातक ठरू शकतात. २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक याच कारणाने जगभरातून मागे घेतले गेले आणि २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हृदयरोग्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये असे बजावले. शिवाय पुढे गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायची वेळ आली तर सुई टोचलेल्या जागी रक्त साकळते. आणि सर्वात मोठा तोटा म्हणजे कळ थोडी उतरते, संशय झोपतो आणि तास निघून जातात.

याचा अर्थ रुग्णाला तळमळत ठेवावे असा मुळीच नाही. असह्य कळ असेल तर रुग्णालयात मॉर्फिन जपून देतात. त्याने पोटात दिलेल्या गोळ्यांचे शोषण मंदावते हेही आता ठाऊक झाले आहे. पण ते निदानानंतर आणि देखरेखीखाली, निदानाऐवजी नव्हे.

मग करावे काय? छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात ओढ, दरदरून घाम, यातले काही दहा-पंधरा मिनिटे टिकले तर स्वतः गाडी न चालवता ईसीजीची सोय असेल तेथे जावे अथवा १०८ ला फोन करावा. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात कळ नसतेही. नुसती धाप, घाम आणि मळमळ असते, हे घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावे. ॲस्पिरिनची सुमारे ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून किंवा पाण्यात विरघळवून घेता येते. मात्र ॲस्पिरिनची ॲलर्जी वा त्याने दमा उठणारा, पोटात रक्तस्राव झालेला, किंवा तोंड वाकडे, बोलणे बोबडे अशी पक्षाघाताची चिन्हे असलेला रुग्ण असेल तर ती देऊ नये. फोनवर डॉक्टर मिळाला तर त्यास विचारून द्यावी. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून उठून घरी जाऊ नये. कधी कधी अर्ध्या तासाने काढलेला दुसरा आलेखच खरे बोलतो.

हे वाचून उद्यापासून रोज ॲस्पिरिन सुरू करणारे काही उत्साही वाचक असतील, त्यांना आताच थांबवतो. कॅलिफोर्नियातील क्रेव्हन नावाचे माझ्यासारखेच एक सामान्य डॉक्टर होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी ॲस्पिरिनचे च्युइंगम चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो, हे त्यांच्या नजरेस आले. म्हणजे हे औषध गुठळी रोखत असणार, असे ताडून त्यांनी आपल्या पुरुष रुग्णांना ते रोज द्यायला सुरुवात केली. १९५६ मध्ये ८,००० जणांचा अनुभव त्यांनी छापला. तर्क अचूक होता, पण तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता, त्यामुळे कोणी मानले नाही. पुढे त्यांच्या तर्काचा अर्धा भाग खरा ठरला. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना रोजचे ॲस्पिरिन उपयोगी पडते. पण निरोगी वृद्धांत, २०१८ साली ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ जणांच्या चाचणीत, हृदयाला विशेष फायदा न होता रक्तस्राव मात्र वाढला.

राहिला प्रश्न सोयीचा. मोटारसायकलीपेक्षा कमी किमतीत ईसीजीचे यंत्र येते. बाजारपेठेच्या प्रत्येक गावातील दवाखान्यात ते असायला हवे. एखाद्या गावाहून अँजिओप्लास्टी होणारे रुग्णालय दोन तासांत गाठता येत नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच द्यावे लागते, आणि आपल्या जिल्ह्यातील बहुतेक गावांचे अंतर वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा पुढच्या आमसभेत रस्ते आणि पाण्याबरोबर एवढे विचारावे. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता ईसीजी निघतो का, तो वाचायला किंवा फोनवरून तज्ज्ञाला दाखवायला कोणी असते का, आणि ते इंजेक्शन आज कपाटात शिल्लक आहे का.