बिनतारी स्कॅनर आणि आपली सेवापुस्तिका



छपाई, झेरॉक्स आणि स्कॅनिंग ही तिन्ही कामे एकाच पेटीत करणारे यंत्र आज रेल्वे आणि टपाल खात्याच्या अनेक कार्यालयांत पोहोचले आहे. दिल्लीकर त्याला फोटोस्टेट मशीन म्हणतात, आपण झेरॉक्स मशीन म्हणतो. हे यंत्र वाय-फायवर, म्हणजे बिनतारी जाळ्यावर चालते. कागद ठेवून बटण दाबले की त्याची प्रत थेट टेबलावरच्या संगणकात जाऊन पडते, असे खोक्यावर छापलेले असते. प्रत्यक्षात काय दिसते? यंत्र येते, त्यावर झेरॉक्स निघू लागतात आणि स्कॅनिंगचे बटण तसेच पडून राहते. ते जोडून देण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते.

महागाई भत्ता, रिक्त जागा, पेन्शन हे प्रश्न समोर उभे असताना संघटनेच्या पत्रिकेत स्कॅनरवर लेख कशाला, असे काही साथी विचारतील. माझे उत्तर असे की हा प्रश्न पेन्शनचाच आहे.

वस्तुस्थिती पाहा. रेल्वेत २०१९ पासून ई-ऑफिस येऊ लागले. २६ नोव्हेंबर २०२० रोजी एचआरएमएस सुरू झाले. ही व्यवस्था दिल्लीतील चाणक्यपुरीच्या ‘क्रिस’ने तयार केली. पी. एफ. अ‍ॅडव्हान्स, सेटलमेंट, आपल्या नोंदींतील दुरुस्ती ही कामे आता तिच्यातून होतात. टपाल खात्यातही २०१२ साली मंजूर झालेल्या आयटी आधुनिकीकरणापासून हाच प्रवास चालू आहे. पूर्वी भुसावळच्या माणसाची बदली दिल्लीला झाली तर त्याची सेवापुस्तिका कापडी पाकिटातून मागोमाग यायची. उशिरा यायची, पण यायची ती अख्खी. आता संगणकात जे पान चढले, तेवढीच आपली नोकरी. एखादे पान स्कॅन करताना दुमडले, दोन पाने एकदम ओढली गेली, वारसाच्या नावाची ओळ काठावर कापली गेली, तर त्या दिवशी कोणालाच कळत नाही. ते कळते निवृत्तीच्या महिन्यात. किंवा त्याहून वाईट, कर्मचारी गेल्यानंतर त्याच्या बायकोला कळते.

आमच्या भागातील एका कार्यालयात असे यंत्र कित्येक महिने निव्वळ झेरॉक्ससाठी वापरले गेले. स्कॅन केलेली प्रत हवी असेल तर कर्मचाऱ्याने बाहेरच्या दुकानातून करून आणावी, अशी प्रथा पडली. दुकानात एका पानाचे पैसे जातात, ते सोडा. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, बायकोच्या दवाखान्याचे कागद, या सर्वांची प्रत त्या दुकानदाराच्या संगणकात राहते. जे दुकानात जात नाहीत ते मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात. चार्जशीटचे उत्तरसुद्धा असे फिरताना मी पाहिले आहे. कार्यालयातले यंत्र जोडलेले नाही म्हणून माणसाचे खाजगी कागद रस्त्यावर येतात, ही साधी गोष्ट प्रशासनाच्या लक्षात आणून देणे आपले काम आहे.

यंत्राला विरोध नाही

आपल्या चळवळीने यंत्राशी दोन प्रकारे सामना केलेला आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला, आणि नोकऱ्यांबाबतची त्यांची भीती खोटी नव्हती. पुढे १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले, तेव्हा रजिस्टरमध्ये नावे लिहिणाऱ्या बाबूंना पडद्यासमोर बसावे लागले. यंत्र आले ते आलेच. प्रश्न उरला तो ते कोणाला कळते आणि कोणाला कळत नाही, एवढाच. ज्याला कळते तो ‘ही चूक माझी नाही, यंत्राच्या जोडणीची आहे’ असे उभे राहून सांगू शकतो. ज्याला कळत नाही त्याच्यावर मेमो निघतो.

म्हणून मी म्हणतो, ही जोडणी आपल्या प्रत्येक शाखेत निदान दोघांना तरी समजली पाहिजे. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे. मला समजली, तर कोणालाही समजेल.

पत्ता पक्का हवा

आधी एक खबरदारी. प्रशासनाच्या कार्यालयातील जाळ्याला आपण होऊन हात लावू नये, घरचा राउटर आणून तर मुळीच जोडू नये. ते काम नेमलेल्या माणसाचे आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्यायचे. खाली सांगितले आहे ते शाखेच्या आपल्या कार्यालयासाठी, आणि खात्याचा माणूस आला तर त्याला योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी.

पहिली गोष्ट, यंत्र आणि संगणक एकाच जाळ्यावर हवेत. यंत्राच्या पडद्यावर नेटवर्कच्या यादीत जाऊन वाय-फायचे नाव निवडायचे आणि पासवर्ड घालायचा. पुष्कळ यंत्रे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांना नाव दिसतच नाही, आणि लोक म्हणतात यंत्र बिघडले. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वाय-फायवर यंत्र जोडू नये. तिथे बहुधा एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशीच योजना असते.

दुसरी गोष्ट पोस्टमन बांधवांना लगेच पटेल. जाळ्यावरच्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. राउटर हा पत्ता आपल्या मर्जीने वाटतो आणि वीज जाऊन आली की बदलूही शकतो. रोज सकाळी घरांचे क्रमांक बदलू लागले तर पोस्टमन काय करील? ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारून पत्र परत करील. स्कॅनर तेच करतो. म्हणून राउटरमध्ये यंत्राचा आणि ज्या संगणकात प्रत जाणार त्याचाही पत्ता कायमचा राखून ठेवावा.

तिसरी गोष्ट, प्रत जायची कुठे? संगणकावर बसून प्रत ओढून घेता येते किंवा यंत्रापाशी उभे राहून ती संगणकातल्या फोल्डरमध्ये पाठवता येते. पाठवायची असेल तर संगणकात एक फोल्डर सामाईक करावा लागतो आणि त्याचा मार्ग, नाव व पासवर्ड यंत्राच्या यादीत भरावा लागतो. इथे एक चूक सर्रास होते. मोठ्या बाबूंचे किंवा साहेबांचे स्वतःचे नाव-पासवर्ड यंत्रात भरले जाते. त्यांनी पासवर्ड बदलला की स्कॅनिंग बंद. त्यांची बदली झाली की तर कायमचेच बंद. स्कॅनरसाठी वेगळे खाते उघडावे आणि त्याला त्या एका फोल्डरपुरताच अधिकार द्यावा.

काही ठिकाणी जुनी यंत्रे काल चालत होती आणि संगणक नवा आला तशी फोल्डरमध्ये प्रत पाठवेनाशी झाली. त्यामागे कारण आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीच्या विषाणूने जगभर संगणक बंद पाडले. तो ज्या जुन्या पद्धतीच्या वाटेने शिरला ती वाट, एसएमबी-१, त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये बंद ठेवलेली असते. जुन्या यंत्रांना तीच एक वाट माहीत. अशा वेळी ती वाट पुन्हा उघडा, असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नये. यंत्राची आज्ञावली अद्ययावत करून मिळते का ते पाहावे. न मिळाल्यास यंत्र बदलून मागावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर असाच हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळांपैकी एकाला रुग्णांची नोंद कित्येक दिवस हाताने करावी लागली.

आणि जिथे तार टाकता येते तिथे तारच बरी. बिनतारी सोयीची खरी, पण भिंत मध्ये आली की रेंज जाते. एकाच खोलीतल्या यंत्राला वाय-फायचा हट्ट कशाला?

आकडा बदलला तर?

प्रत स्वच्छ निघाली म्हणजे बरोबर निघाली, असे समजू नका. २०१३ साली जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल या संगणक अभ्यासकाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. इमारतीच्या नकाशावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ अशी होती. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्यांवर १४.१३ आले. फाईल लहान करण्याच्या नादात यंत्र एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांच्या जागी एकच तुकडा वापरत होते. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पण बोध घ्यायचा तो घ्यावा. आपल्या सेवापुस्तिकेत सगळे आकडेच तर असतात. जन्मतारीख, वेतनवाढ, शिल्लक रजा. म्हणून फाईल फार बारीक करू नये, ३०० डीपीआयवर स्कॅन करावे आणि प्रत मूळ कागदाशी ताडून पाहावी.

दुसरा धोका यंत्राच्या पोटातला. मोठ्या यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि गेलेल्या कागदांच्या प्रती तिच्यात राहू शकतात. अमेरिकेतील एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याची यंत्रे डिस्क न पुसता परत केली. त्यात रुग्णांचे कागद सापडले आणि २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्याकडेही यंत्रे कंत्राटावर येतात आणि कंत्राट संपले की जातात. जाताना ती आपले काय काय घेऊन जातात, हे कोणी तपासते का? व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माहिती ज्याच्या ताब्यात, सांभाळण्याची जबाबदारी त्याची, हे तत्त्व त्यात आहे. पत्र लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

आपल्या मागण्या

पुढील मागण्या शाखांनी आपल्या बैठकीत चर्चेला घ्याव्यात आणि ठराव करून प्रशासनाकडे द्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

१) यंत्र बसवताना स्कॅनिंगची जोडणी पूर्ण करूनच ते ताब्यात घ्यावे. जोडणी कोणी करायची आणि बिघडल्यास कोणाला कळवायचे, हे यंत्रावर चिकटवावे.

२) हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ड्युटीच्या वेळेत, त्यांना समजणाऱ्या भाषेत प्रशिक्षण द्यावे. शिपाई आणि एमटीएस बांधवांनाही द्यावे. प्रत्यक्षात कागद त्यांच्याच हातून जातात.

३) स्कॅनिंगचे काम हे काम म्हणून मोजावे. आपले टेबल सांभाळून ‘जाता जाता’ शेकडो सेवापुस्तिका स्कॅन करा, असे तोंडी हुकूम चालणार नाहीत. त्यासाठी माणूस द्यावा.

४) यंत्रात कंपनीने घालून दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सामाईक फोल्डर सर्वांना खुला नसावा आणि त्यातील कागद रोज योग्य जागी हलवून तो रिकामा करावा.

५) सेवापुस्तिका स्कॅन झाल्यावर कर्मचाऱ्याला ती दाखवावी आणि पाने किती, तारीख कोणती, याची पोच द्यावी. टपाल खात्याने रजिस्टर पत्राला वर्षानुवर्षे पोच दिली. रेल्वेत प्रायव्हेट नंबर घेतल्याशिवाय लाइन क्लिअर मानत नाहीत. मग माणसाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीला पोच का नको?

६) अंतिम सेटलमेंट होऊन पैसे हातात पडेपर्यंत मूळ कागद नष्ट करू नयेत.

७) जाळे बंद असल्यामुळे किंवा जोडणी चुकीची असल्यामुळे झालेल्या चुकीबद्दल बाबूवर कारवाई करू नये.

८) यंत्र परत जाण्यापूर्वी डिस्क पुसल्याचा दाखला घ्यावा.

या आठपैकी एकाही मागणीला मोठा खर्च नाही, स्कॅनिंगसाठी माणूस द्यायचा तेवढा सोडला तर. त्यामुळे ‘निधी नाही’ हे नेहमीचे उत्तर इथे चालणार नाही.

प्रशासनाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. येत्या रजेच्या दिवशी आपली सेवापुस्तिका एचआरएमएसमध्ये उघडून पाहा. पान न पान मोजा, जन्मतारीख पाहा, वारसाचे नाव पाहा. चुकले असेल तर आजच लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नोकरी चालू असताना ही दुरुस्ती एका अर्जाने होते. निवृत्तीनंतर तिच्यासाठी चकरा माराव्या लागतात. ज्यांना संगणक जमत नाही त्यांना तरुण साथींनी मदत करावी आणि शाखेने त्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. आमच्या शाखेने ती ठेवली आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!