पदवी नको, हिशेब दाखवा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बचत गटाच्या बैठकीला मी गेले होते. कर्ज देणाऱ्या एका कंपनीचे साहेब छापील पत्रक घेऊन आले होते. कर्ज १२,००० रुपये, मुदत १२ महिने, व्याज वर्षाला १२ टक्के, हप्ता महिना १,१२० रुपये. ऐकायला सगळं सरळ होतं. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पिशवीतून चिंचोके काढले, बारा मोजून सतरंजीवर मांडले आणि म्हणाल्या, “हे बारा हजार. पहिल्या महिन्यात बाराही माझ्यापाशी. हप्ता भरला की एक तुमच्याकडे परत, राहिले अकरा. मग दहा, मग नऊ. शेवटच्या महिन्यात माझ्यापाशी एकच. मग व्याज मात्र वर्षभर बाराचंच का घेता?”

साहेब हसले. म्हणाले, “मावशी, हे फायनान्सचं गणित आहे, चिंचोक्यांचं नाही.” ते हसले याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते मी काय बोलले याचं. मी म्हटलं, “मावशी, तसं नसतं. कंपनीत तज्ज्ञ असतात, त्यांनी काढलेला दर आहे.” माझ्या नावापुढे एम.एस.डब्ल्यू. आहे. बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि सह्या केल्या.

रात्री घरी कागद घेऊन बसले. दरमहा एक हजार मुद्दल परत गेलं, तर बाईकडे पहिल्या महिन्यात १२ हजार, मग ११, मग १०, असं शेवटी १ हजार उरतं. या सगळ्यांची बेरीज ७८ हजार. महिन्याला १ टक्का व्याज म्हणजे वर्षाचं व्याज ७८० रुपये. कंपनी घेत होती १,४४० रुपये. प्रत्येक बाईमागे ६६० रुपये जास्त. गटात कर्ज घेणाऱ्या १४ जणी होत्या, म्हणजे ९,२४० रुपये. ‘१२ टक्के’ म्हणून सांगितलेला दर प्रत्यक्षात २१-२२ टक्क्यांच्या घरात होता.

पुढच्या बैठकीत मी माझी चूक कबूल केली. मावशी म्हणाल्या, “ताई, चुकलात त्याचं काही नाही. पण तुम्ही चिंचोक्यांकडे बघितलंच नाही.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तज्ज्ञ आणि सामान्य माणूस यांच्यातला वाद गणितात तरी लवकर मिटायला हवा, असं आपल्याला वाटतं. तिथे मत नसतं, भावना नसतात, दोन आणि दोन चारच. पण गणितातसुद्धा आधी पाहिलं जातं ते बोलणारं माणूस कोण आहे, आणि मग जमलं तर त्याचं म्हणणं. याचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे.

मेरिलिन व्हॉस सावंत या बाई ‘परेड’ नावाच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. अनेक वर्तमानपत्रांबरोबर ही पुरवणी घरोघर जायची. बाईंचं कॉलेज शिक्षण अर्धवट राहिलेलं, गणितातली पदवी नाही. सर्वाधिक बुद्ध्यांकाबद्दल गिनेस बुकात त्यांचं नाव आलं होतं, त्यामुळे त्या प्रसिद्ध होत्या. सप्टेंबर १९९० मध्ये त्यांच्याकडे एक कोडं आलं. दूरदर्शनवरच्या खेळात तीन बंद दारं आहेत. एका दारामागे मोटार, दोन दारांमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठे आहे हे सूत्रधाराला ठाऊक आहे. तो उरलेल्या दोनांपैकी शेळी असलेलं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, निवड बदलायची का? बदलावी की नाही?

बाईंनी उत्तर दिलं, बदलावी. पहिल्या दारामागे मोटार मिळण्याची शक्यता तीनात एक, बदललं तर तीनात दोन. पटत नाही ना? मलाही पटलं नव्हतं. दोन दारं उरली म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता असंच कोणालाही वाटतं. पण असं बघा. तुमची पहिली निवड तीन वेळांतून एकदाच बरोबर येणार. उरलेल्या दोन्ही वेळी मोटार तुम्ही न निवडलेल्या दोन दारांमागे असते, आणि त्यातलं शेळीचं दार सूत्रधार स्वतःच उघडून बाजूला करतो. म्हणजे त्या दोन्ही वेळी दार बदलणारी जिंकते. सूत्रधार जाणूनबुजून, दर वेळी शेळीचंच दार उघडतो, एवढी अट मात्र पाळली पाहिजे.

या उत्तरावर बाईंना सुमारे दहा हजार पत्रं आली. त्यातली हजाराच्या आसपास पीएच.डी. मिळवलेल्यांची होती. बहुतेकांचं म्हणणं एकच, बाई चुकल्या. ते म्हणण्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. कोणी लिहिलं, देशात गणिताचं अज्ञान आधीच पुष्कळ आहे, तुम्ही त्यात भर घालू नका. कोणी त्यांनाच शेळी ठरवलं. आणि एकाने अंदाज व्यक्त केला की बायका गणिताकडे पुरुषांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने बघत असाव्यात! आपल्याकडे यालाच बायकांची अक्कल चुलीपुरती म्हणतात. तिकडे ते पत्रातून आलं, एवढाच फरक.

बाईंनी काय केलं? त्यांनी त्यांच्या पदरी नसलेल्या पदवीचा वाद घातला नाही. शाळाशाळांतल्या गणिताच्या वर्गांना आवाहन केलं, तीन पेले आणि एक नाणं घ्या, पुन्हा पुन्हा खेळून बघा आणि काय येतं ते कळवा. मुलांनी खेळून पाहिलं. उत्तर बाईंचंच बरोबर निघालं. जुलै १९९१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही हकिकत पहिल्या पानावर छापली. विरोध करणाऱ्या काही प्राध्यापकांनी मोकळेपणाने चूक कबूल केली, हेही नोंदवायला हवं.

हेच कोडं १९७५ साली स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी एका व्यावसायिक नियतकालिकात मांडलं होतं आणि हेच उत्तर दिलं होतं. उत्तर चुकलं असं कळवणारी काही पत्रं त्यांनाही आली. नियतकालिक लहान, वाचक मोजके, त्यामुळे ही तुलना तंतोतंत होत नाही हे मला मान्य आहे. पण ‘पुरुष गणिताकडे वेगळ्या तऱ्हेने बघतात’ असं त्यांना कोणी लिहिलं असेल, असं मला वाटत नाही.

चुकणं हा गुन्हा नाही. पॉल एर्डॉश हे विसाव्या शतकातल्या थोर गणितज्ञांपैकी एक. त्यांनाही हे उत्तर पटेना. संगणकावर पुष्कळ डाव खेळून दाखवल्यावरच ते वळले. त्यांनी निदान समोर मांडलेलं पाहिलं. आक्षेप आहे तो न बघता हसण्याला. त्या पत्रलेखकांनी चिंचोक्यांकडे बघितलंच नाही. मीही बघितलं नव्हतं.

वेगळं वागता येतं का? येतं. अमेरिकेतच सॅन दिएगोला मार्जोरी राईस नावाच्या गृहिणी राहत. पाच मुलं, आणि गणिताचं शिक्षण शाळेपुरतं. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिक घरी यायचं ते मुलासाठी. त्यात १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एक प्रश्न मांडला होता. पाच बाजूंच्या, कुठेही आत न दबलेल्या, एकसारख्या फरश्यांनी फट न ठेवता जमीन भरायची, तर अशा फरश्यांचे प्रकार किती? १९६८ साली एका गणितज्ञाने यादी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं होतं. एका वाचकाने तिच्याबाहेरचा एक प्रकार शोधला, तेव्हा ती अपुरी ठरली. राईसबाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढू लागल्या. कोणी आलं की झाकून ठेवायच्या. गणिताची खुणांची भाषा येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःच्या खुणा तयार केल्या. १९७७ अखेरपर्यंत त्यांनी चार नवे प्रकार शोधले. एकूण प्रकार १५ आहेत, जास्त नाहीत, अशी सिद्धता मिशेल राव या गणितज्ञाने २०१७ साली संगणकाच्या मदतीने मांडली. पंधरातले चार एका ओट्यावर सापडलेले.

गार्डनर यांनी राईसबाईंचे कागद डोरिस शॅटश्नायडर या गणिताच्या प्राध्यापिकेकडे पाठवले. त्या अनोळखी खुणा पाहून प्राध्यापिकेला कागद बाजूला ठेवता आले असते. पण त्यांनी खुणा समजून घेतल्या, काम तपासलं, ते बरोबर आहे असं सांगितलं आणि राईसबाईंच्या नावानेच जगापुढे मांडलं. मला तज्ज्ञ हवी आहे ती अशी. तिने आपल्या खुणा शिकाव्यात, मग तपासावं, आणि श्रेय जिचं तिला द्यावं.

गार्डनर यांच्या याच सदरात १९७५ सालीच आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांबद्दल छापून आलं होतं. ६१७४ या संख्येमुळे जगाला ठाऊक झालेले हे शाळामास्तर. तेही विद्यापीठातले गणितज्ञ नव्हते, त्यांच्या कामालाही पुष्कळांनी पोरखेळ म्हटलं. पण कापरेकरांची हौस उघड होती. ते व्याख्यानं देत, परिषदांना जात. राईसबाईंची हौस कोणी आलं की झाकली जाई. ‘हौशी’ हा शब्द दोघांनाही लागतो, पण बाईच्या हौसेला घरातली कामं उरकल्यावरचाच वेळ मिळतो.

इथपर्यंत वाचून वाटेल, की हौशी ती खरी आणि तज्ज्ञ तो खोटा. तसं मानणं सोयीचं आहे, पण चूक आहे. त्याच मेरिलिनबाईंची पुढची गोष्ट सांगते. जून १९९३ मध्ये अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध केल्याचं जाहीर केलं. साडेतीनशे वर्षं अडलेलं ते काम, वाइल्स यांनी त्यावर सात वर्षं घालवलेली. काही महिन्यांतच बाईंनी पुस्तक लिहून त्या सिद्धतेवर शंका घेतली. या वेळी बाई चुकल्या होत्या. गणितज्ञांनी चूक दाखवली, आणि पुढे बाईंनी आक्षेप मागे घेतला. वाइल्स यांच्या सिद्धतेत खरोखरच एक खोट होती. पण ती वेगळीच होती, आणि बारकाईने ओळन् ओळ तपासणाऱ्या तज्ज्ञांनाच ती सापडली. १९९४ साली रिचर्ड टेलर यांच्या मदतीने वाइल्स यांनी ती दुरुस्त केली. १९९० साली बाई बरोबर होत्या त्या बाई होत्या म्हणून नव्हे, आणि १९९३ साली चुकल्या त्याही बाई होत्या म्हणून नव्हे.

हे आपण चळवळीतल्यांनी नीट लक्षात ठेवायला हवं. ‘बाईचा अनुभव हाच पुरावा’ असं आपण म्हणतो. अनुभव कोणी ऐकतच नव्हतं, तेव्हा ते म्हणणं भागच होतं. पण अनुभव हे दार ठोठावण्याचं बळ आहे, आत गेल्यावर हिशेब मांडावाच लागतो. मावशी नुसतं ‘आम्हा बायकांवर अन्याय होतोय’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी बारा चिंचोके मांडले. कोणालाही मोजता येतील असे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बैठकीत कोणीही आकडा घेऊन आलं, मग तो बँकेचा साहेब असो, सरकारी अधिकारी असो, की आपल्याच संघटनेची शिकलेली कार्यकर्ती, तर ‘तुमचं शिक्षण किती’ हे विचारण्याऐवजी ‘हा कसा काढला ते दाखवा’ असं विचारायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लहान कर्ज देणाऱ्या संस्थेने प्रत्यक्ष वार्षिक दर कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून दिला पाहिजे. तो मागा, आणि मिळाला तरी स्वतः मोजून बघा. तोच प्रश्न कोणी आपल्याला विचारला, तर आपणही राग न मानता मांडून दाखवायचं. आपल्या अहवालांतल्या आकड्यांनाही हे लागू आहे.

पुढच्या शिबिरात तीन वाट्या आणि एक चिंचोका घेऊन तो दारांचा खेळ जरूर खेळा. चिंचोका लपवणारीला तो कुठे आहे ते ठाऊक हवं, आणि दर वेळी तिने रिकामी वाटीच उचलायची. तीस-चाळीस डाव खेळा, एकीने निकाल लिहून ठेवा. सुरुवातीला सगळ्याजणी निम्मं-निम्मंच म्हणतील, आणि त्यात सर्वांत ठाम बहुधा सर्वांत जास्त शिकलेली असेल. तिला हसू नका. तिला वाट्यांकडे बघायला सांगा.