सिस्टर, तुमचं नाव काय?

‘सिस्टर, जरा सलाईन बघता का?’ अशी हाक आपण दवाखान्यात दहादा मारतो. पण त्या सिस्टरचं नाव कितीजणींना ठाऊक असतं?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवून वाचवलं. पुढे कसाबविरुद्ध साक्षीला त्या गणवेशातच गेल्या. तो नुसता कपडा नव्हता, ती त्यांची ओळख होती.

पण अशी ओळख एकटीच्या बळावर टिकत नाही. १९७३ साली केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार झाला. २०१५ साली त्या गेल्या, तोवर सुमारे ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं जपलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानंही अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. एकीच्या मागे सगळ्याजणी उभ्या राहिल्या, ती ही ताकद!

आणि आपण? २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजवल्या, अन् त्याच दिवसांत काही परिचारिकांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितली. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले थांबवायला एप्रिलमध्ये वटहुकूम काढावा लागला.

सेवाभाव त्यांच्याकडे आहेच, मैत्रिणींनो. पाठबळ मात्र आपण द्यायचं. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला दुपारी निवांत झोपू द्यावं, शेजारणीनं तिच्या वेळांवरून कुजबुजू नये आणि वॉर्डात तिला नावानं हाक मारावी. एवढं तर जमेल नं?