हत्याराचा माग सीमेवर थांबू नये

मुंबईच्या गिरणगावातल्या डिलाईल रोडवर बेकायदा शस्त्रांचा विषय निघाला की तो पोलीस ठाण्याच्या हद्दीतच संपतो. घोडा, म्हणजे पिस्तूल, कुणाकडे सापडला, कुणी आणला, किती राऊंड होते, एवढंच बोललं जातं. त्यापुढे जाऊन संयुक्त राष्ट्रांचे करार, इंटरपोल, निर्यातीचे परवाने यांचं नाव काढलं, की समोरचा हात झटकतो. ‘ते दिल्ली-न्यूयॉर्कवाल्यांचं काम. गल्लीतल्या गावठी कट्ट्याला त्याचं काय?’ असं विचारणारी माणसं शहाणीसुरती आहेत, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर दिलं पाहिजे. लहान शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचं आंतरराष्ट्रीय सहकार्य हा गिरणगावाच्या जिवाशी जोडलेला प्रश्न आहे आणि भारतानं त्यात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त हिरिरीनं उतरलं पाहिजे, अशी माझी ठाम भूमिका आहे. तिच्याविरुद्धचे आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा, की मारतो तो माणूस, हत्यार नव्हे. ज्याला मारायचंच आहे तो सुरीनंही मारेल. गिरणगावाचाच इतिहास याला साक्ष देत नाही. ५ जून १९७० रोजी लालबागला आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला तो धारदार शस्त्रांनी. मारेकऱ्यांना घोळक्यानं यावं लागलं, अंगाला भिडावं लागलं. पुढच्या काळात हे चित्र पालटलं. १२ सप्टेंबर १९९२ला जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात टोळीयुद्धातून एके-४७ चालली आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीसही मारले गेले. ७ मे १९९४ला खटाव मिलचे सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. १६ जानेवारी १९९७ला पवईत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यावर गोळीबार झाला. ज्या गिरणी संपाचं त्यांनी नेतृत्व केलं, त्याला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. द्वेष १९७० मध्येही होता. बंदुकीनं मारेकऱ्यांची संख्या कमी केली, अंतर वाढवलं, पळून जायला वेळ दिला. म्हणून सुपारी हा धंदा झाला आणि खंडणीचा एक फोन पुरेसा ठरू लागला. गिरण्या बंद पडत होत्या, जमिनींचे सौदे होत होते, त्याच वर्षांत हे हत्यार इथं स्वस्त आणि सहज मिळू लागलं. त्याची किंमत चाळीतल्या माणसानं मोजली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘आपल्याकडचे कट्टे देशी. ते बिहारच्या मुंगेरहून नाहीतर चोपड्याच्या सीमेपलीकडच्या उमर्टीहून येतात. त्यात परदेशाचा संबंध कुठे?’ हे अर्धं खरं आहे. बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीतून जळगाव-धुळ्यामार्गे महाराष्ट्रात पिस्तुलं उतरतात, हे आपल्या पोलिसांनी वारंवार पकडलंय. त्यासाठी दोन राज्यांच्या पोलिसांनी एकत्र येणं हाच उपाय आहे. पण कट्टा भट्टीत घडवता येतो. काडतूस सहसा कारखान्यातूनच यावं लागतं. ते हातात घेऊन उलटं करा. बुडाशी मधोमध गोल टोपी असते आणि तिच्याभोवती बारीक अक्षरं-आकडे ठोकलेले असतात: कारखान्याची खूण, बोअर, कित्येकदा वर्ष. कुठल्या साठ्यातून ते गळलं याचा पहिला धागा तिथंच मिळतो. जगालाही हे उशिरा का होईना, उमगलं. दारूगोळ्याच्या आयुष्यभराच्या व्यवस्थापनाची जागतिक चौकट संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये स्वीकारली. शिवाय एके-५६ रायफली काही उमर्टीच्या भट्टीत तयार झाल्या नव्हत्या. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला जे उतरलं, ते समुद्रापलीकडून आलं होतं. १२ मार्चच्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. वरळी आणि दादरचे स्फोट तर इथून ओरडलं तर ऐकू जावं एवढ्या जवळचे.

तिसरा आक्षेप बहुतेकांच्या मनात पक्का बसलाय: करार कागदावरच राहतात, आणि पाकिस्तानसारखा देश कुठलाच कागद पाळणार नाही. यावर माझं उत्तर आहे, की सहकार्याचा उपयोग बेइमान देशाला सज्जन बनवण्यासाठी नाही, पुरावा उभा करण्यासाठी आहे. १९९३ मध्ये सापडलेल्या हातबॉम्बचं मूळ डिझाइन ऑस्ट्रियाचं निघालं. ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी लेखी मत दिलं, की ऑस्ट्रियन कंपनीच्या तंत्रज्ञानावर ते पाकिस्तानातल्या सरकारी कारखान्यात बनले. एका तिसऱ्या देशानं आपली दप्तरं उघडली, म्हणून हे सांगता आलं. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही पुरावा असाच उभा राहिला. अतिरेक्यांच्या रबरी बोटीचं इंजिन कराचीच्या दुकानातून विकलं गेल्याचं पाकिस्तानच्याच तपास यंत्रणेनं शोधलं आणि कटाचा काही भाग पाकिस्तानी भूमीवर रचला गेल्याची कबुली फेब्रुवारी २००९ मध्ये त्या सरकारला द्यावी लागली. न्याय पूर्ण झाला का? नाही. पण साफ नाकारणं अशक्य झालं, ते पुराव्यांच्या या साखळीमुळे.

अबू सालेमचंच उदाहरण घ्या. १९९३ मध्ये हत्यारं मुंबईत आणून पोहोचवणारा हा माणूस लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालनं २००५ मध्ये त्याला भारताच्या हवाली केलं आणि २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. १९९३च्या स्फोटांचा मुख्य खटला जिथं चालला, ते आर्थर रोडचं कारागृह आपल्या सात रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. न्यूयॉर्क आणि लिस्बन डिलाईल रोडपासून फार लांब नाहीत, ते असे.

चौथा आक्षेप प्रामाणिक आहे: ‘फितुरी आपल्याच माणसांची; बाहेरच्यांनी काय करायचं?’ शेखाडी प्रकरणात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीस दोषी ठरले, हे मला मान्य आहे. पण घर आतून फुटलं म्हणून दाराबाहेरची पाळत सोडायची नसते. पुरुलियाचं प्रकरण दोन्ही बाजू दाखवतं. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री एका अँतोनोव्ह विमानानं पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात शेकडो एके-४७ आणि काडतुसांच्या पेट्या टाकल्या. माल बल्गेरियातून उचलला होता, तोही कागदोपत्री रीतसर. शस्त्र विकताना ‘अंतिम वापरकर्त्या’चं प्रमाणपत्र लागतं. घेणारा देश कोण, माल किती, आणि तो तिसऱ्याच्या हाती जाणार नाही याची हमी त्यात असते. इथं त्या प्रमाणपत्रावर नाव होतं बांगलादेशचं. एक फोन किंवा एक पत्र ढाक्याला गेलं असतं, तर तो व्यवहार तिथंच अडला असता. दुसरीकडे, ब्रिटनकडून आपल्याला आगाऊ सूचना मिळाली होती. ती बंगालमध्ये वेळेत पोहोचली नाही. काही दिवसांनी तेच विमान हवाई दलानं मुंबईत उतरवलं आणि मुख्य सूत्रधार किम डेव्ही मुंबईच्या विमानतळावरून निसटला. म्हणजे बाहेरच्या जगानं एका टप्प्यावर साथ दिली, एका टप्प्यावर दिली नाही. ढिलाई आपलीही होती. यातून निष्कर्ष निघतो तो दोन्ही टोकं घट्ट करण्याचा.

पाचवा आक्षेप सरकारी आहे. २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार १५४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. २३ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. दहशतवादी आणि बिगरसरकारी टोळ्यांबाबत मसुदा कमजोर आहे आणि निर्यातदार देशांकडे झुकलेला आहे, असं आपलं म्हणणं होतं. त्या दिवशी ते रास्त होतं. आज तेच कारण पुढे करणं मला पटत नाही. करार अमलात येऊन सहा वर्षं झाल्यावर, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, सदस्य देशाला दुरुस्ती सुचवता येते. ज्याला मसुदा कडक हवा त्यानं आत जाऊन बसलं पाहिजे. बाहेरून दुरुस्ती मांडता येत नाही. दुसरं, २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. आता आपणही विकणारे आहोत. आपला माल भलत्या हातात पडणार नाही, ही जबाबदारी विकणाऱ्याचीच असते, हे आपण इतकी वर्षं जगाला सांगत आलो. तेच आता आपल्याला लागू आहे.

आता मंडन. भारत या विषयात नवखा नाही. हत्यारांचा माग काढण्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाचं अध्यक्षपद २००२-०३ मध्ये भारताच्या राकेश सूद यांच्याकडे होतं. त्याच कामातून पुढे डिसेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यवस्था ठरली: प्रत्येक हत्यारावर खूण, उत्पादनाच्या नोंदी किमान ३० वर्षं, इतर नोंदी किमान २० वर्षं, आणि विचारणा आल्यास उत्तर. ती कायद्यानं बंधनकारक नाही, पण वापरणाऱ्याला उपयोगाची आहे. २०१९च्या दुरुस्तीनं आपल्या शस्त्र कायद्यातही खूण नसलेल्या हत्याराचा व्यापार हा ‘अवैध तस्करी’चा भाग ठरला आणि त्याला दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली.

कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी काय होतं, ते पाहा. गुन्हेगार पिस्तुलाचा क्रमांक कानशीनं घासून टाकतो. पण ठसा मारताना अंकांखालचं पोलादही दबलेलं असतं. तज्ज्ञ ती जागा घासून गुळगुळीत करतात, आम्लाचं द्रावण फिरवतात. दबलेल्या धातूवर आम्ल वेगळं चढतं आणि अंक वर येऊ लागतात. एवढ्या कौशल्यानं हाती आलेला क्रमांक जर आरोपपत्राच्या एका ओळीत विसावला, ज्या देशात तो ठोकला गेला तिथं विचारणाच गेली नाही, तर मेहनत अर्धी वाया गेली. हत्यार पकडलं, पुरवठादार मोकळा राहिला. तो उद्या दुसरं पाठवणार.

म्हणून माझ्या मागण्या तीन. पहिली, महाराष्ट्रात जप्त होणाऱ्या प्रत्येक परदेशी बनावटीच्या हत्याराची आणि काडतुसाची माग-विचारणा सक्तीची करा. राज्यांच्या पोलिसांना सीबीआयमार्फत इंटरपोलशी जोडणारं ‘भारतपोल’ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, तेव्हा साधन नाही ही सबब उरलेली नाही. किती विचारणा गेल्या, किती उत्तरं आली, याचा हिशेब गृहखात्यानं दरवर्षी विधिमंडळात ठेवावा. दुसरी, शस्त्रव्यापार कराराबाबतच्या भूमिकेवर संसदेत नव्यानं चर्चा व्हावी. तिसरी मागणी पुष्कळांना आवडणार नाही: आपली कारागृहं सुधारा. डेन्मार्कच्या न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये किम डेव्हीला सोपवायला पुन्हा नकार दिला, तो भारतात अमानुष वागणूक मिळण्याच्या भीतीपोटी. विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाच्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयानं आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२चा व्हिडिओ मागवला होता. कैद्याला माणसासारखं वागवणं ही हत्यारांच्या व्यापाऱ्याला परत आणण्याची पूर्वअट झाली आहे.

बॉम्बस्फोट, टोळीयुद्ध आणि खंडणी या भागानं सोसली. त्यामुळे ‘हे आमचं काम नाही’ असं म्हणण्याचा अधिकार इथल्या माणसाला सगळ्यात कमी आणि जाब विचारण्याचा अधिकार सगळ्यात जास्त आहे. पुढच्या वेळी मत मागायला कुणी डिलाईल रोडवर आलं, की पाणी आणि पुनर्विकासाच्या जोडीला हेही विचारा: गेल्या वर्षी सापडलेल्या हत्यारांपैकी कितींचा माग तुम्ही कारखान्यापर्यंत नेला?