प्रश्न गावांचे, सभागृह रिकामे

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावे जानेवारी २०२५मध्ये देशभरातील वृत्तपत्रांत झळकली. डोक्याला खाज सुटायची आणि दोन-चार दिवसांत केस मुळापासून गळून टक्कल पडायचे. आरोग्य पथके आली, पाण्याचे नमुने तपासणीला गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ गावात येऊन गेले. प्रारंभी त्वचेचा संसर्ग आणि दूषित पाणी यांच्यावर संशय होता. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. एप्रिलमध्ये याच भागातून नखे गळत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

या धावपळीत सरपंच होते, डॉक्टर होते, अधिकारी होते, आमदार-मंत्र्यांचे दौरेही झाले. नव्हता तो फक्त या गावांचा जिल्हा परिषद सदस्य. कारण तो अस्तित्वातच नव्हता. बुलडाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडेच प्रशासक म्हणून कारभार गेला. पंचायत समित्यांमध्ये गटविकास अधिकाऱ्यांकडे सूत्रे आली. ज्याच्याकडे हिशेब मागायचा आणि ज्याने तो मागायचा, ते दोघे एकाच खुर्चीत बसले.

सदस्य नेमके करतो काय?

शहरातील वाचकाला नगरसेवक ठाऊक असतो. गटार तुंबले, दिवा गेला की त्याच्या दाराशी जाता येते. जिल्हा परिषद सदस्याची ओळख एवढी ठसठशीत नाही, पण त्याचा पसारा मोठा आहे. २०१७च्या निवडणुकीत बुलडाणा जिल्ह्यात ६० गट होते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार असून त्यातील जवळपास ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. म्हणजे एका सदस्यामागे सुमारे ३४ हजार माणसे आणि वीस-बावीस गावे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, अंगणवाडी, गुरांचा दवाखाना, ग्रामीण रस्ता हे सारे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते.

लग्नकार्याला, सांत्वनाला, हरिनाम सप्ताहाला हजेरी लावणे हा सदस्याच्या लोकसंपर्काचा दिसणारा भाग. कायद्याने त्याला दिलेले काम वेगळे आहे. १९६१च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार दर तीन महिन्यांत किमान एक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आरोग्य, शिक्षण, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, जलव्यवस्थापन व स्वच्छता अशा विषय समित्या असतात. तेथे सदस्य प्रश्न विचारतो, अधिकारी उत्तर देतो आणि दोन्हींची नोंद इतिवृत्तात होते. उपकेंद्रात परिचारिका नाही, ही गावातली कुरबुर सभागृहात गेली की जिल्ह्याचा प्रश्न होते. मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२६ या जवळपास ४ वर्षांत लोकप्रतिनिधींच्या अशा किमान १५ सर्वसाधारण सभा झाल्या असत्या. एकही झाली नाही.

सरपंचाची हद्द

ग्रामपंचायती आहेत, सरपंच आहेत, मग अडले कुठे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांसारखी उदाहरणे डोळ्यांपुढे असताना तो स्वाभाविकही आहे. परंतु सरपंचाचा अधिकार शिवेपाशी संपतो आणि बुलडाण्याचे जिव्हाळ्याचे प्रश्न शिव ओलांडणारे आहेत.

घाटाखालचा खारपाणपट्टा हे त्याचे ठळक उदाहरण. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या ३ जिल्ह्यांत पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत खारे पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार ही जोडी वर्षानुवर्षे चर्चेत आहे. येथे गोड पाणी आणायचे तर वान धरणावरील १४० गाव पाणीपुरवठा योजनेसारखी योजना लागते. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या गावाला पाणी का पोहोचत नाही, हे त्या गावच्या सरपंचाने कोणाला विचारायचे? त्याच्या हाती निवेदन असते. सभागृहात उभे राहून उत्तर मागण्याचा हक्क त्याला नाही.

शेगाव तालुक्यातील प्रकारातही हेच दिसले. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, रेशन पुरवठा विभागाचे, पाण्याची तपासणी तिसऱ्याच यंत्रणेची. हे धागे एकत्र बांधून पाठपुरावा करणारा माणूस गावाला हवा असतो. केसगळतीच्या भीतीने पाहुणेरावळे गावात यायला कचरत होते, तेव्हा आरोग्य समितीची बैठक बोलावून 'कारण कधी कळणार' असे विचारणारा सदस्य असता, तर रोगाचे निदान लवकर झाले असते असे म्हणता येणार नाही. पण उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे तरी निश्चित झाले असते.

निधीची गळती

याला आर्थिक बाजूही आहे. १५व्या वित्त आयोगाच्या अनुदानात महाराष्ट्रात जिल्हा परिषदेला १०, पंचायत समितीला १० आणि ग्रामपंचायतीला ८० टक्के अशी वाटणी ठरली होती. मात्र रीतसर निवडून आलेली संस्था अस्तित्वात असणे ही या अनुदानाची अट होती. निवडणुका लांबल्या की वरच्या दोन स्तरांचा वाटा अडतो. जिल्हा नियोजन समितीचेही तसेच. राज्यघटनेनुसार तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून यायला हवेत. निवडणारेच नसतील तर नियोजन पालकमंत्री आणि नामनिर्देशित सदस्यांपुरते उरते.

निवडणुका लांबल्या त्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादामुळे. मार्च २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटीचा आग्रह धरला, पुढे बांठिया आयोग आला, प्रभागरचनेचे अधिकार बदलले आणि प्रकरण रेंगाळले. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. ती मुदतही वाढवावी लागली. डिसेंबर २०२५मध्ये नगर परिषदांसाठी मतदान झाले. फेब्रुवारी २०२६मध्ये १२ जिल्हा परिषदांची निवडणूक झाली. त्यांत बुलडाणा नव्हता. परिणामी शेगाव शहराला नगरसेवक मिळाले, पण त्याच तालुक्यातील बोंडगाव जिल्हा परिषद सदस्याविनाच राहिले.

दोष होते, तरीही

जुन्या सभागृहांविषयी गोडवे गाण्याचे कारण नाही. ठेकेदारीत गुंतलेले सदस्य, बदल्यांसाठी होणारी वशिलेबाजी, महिला सदस्याच्या नावावर कारभार हाकणारे पतिराज हे सारे जिल्ह्याने पाहिले आहे. प्रशासकांच्या काळात फायली वेगाने हलतात, असे सांगणारेही भेटतात. परंतु फाईल कोणाची हलते आणि कोणाची पडून राहते, हे विचारण्याची जागाच या वेगात नाहीशी होते. वाईट सदस्याला पाच वर्षांनी घरी बसवता येते; प्रशासकाबाबत मतदाराला तोही उपाय नाही.

शिवाय नेतृत्वाची एक पिढी या काळात घडायची राहिली. १९९९मध्ये बुलडाणा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झालेले हर्षवर्धन सपकाळ पुढे २०१४मध्ये आमदार झाले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षपदी पोहोचले. पक्ष कोणताही असो, राज्याच्या राजकारणातील अनेकांनी पहिले धडे जिल्हा परिषदेच्या सभागृहातच गिरवले. निम्म्या जागा राखीव झाल्यामुळे २०११नंतर ग्रामीण महिलांसाठीही ती वाट खुली झाली होती. तीच सर्वांत आधी बंद झाली.

नव्या सभागृहापुढे रस्ते आणि सभामंडपांच्या मागण्यांचा ढीग येईल, हे उघड आहे. त्याआधी आरोग्य समितीने शेगाव तालुक्यातील तपासण्यांचे सर्व अहवाल मागवून ते त्या गावांच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत, आणि जलव्यवस्थापन समितीने खारपाणपट्ट्यातील प्रत्येक गावाच्या पाण्याची सद्यस्थिती पटलावर मांडावी. निवडून येणारा सदस्य गावाशी किती बांधील आहे, हे या दोन कामांवरून मतदारांना जोखता येईल.